तलवार गेली, तालीम उरली

मराठी घरात बडबड्या मुलाला ‘तोंडाचा पट्टा आवर’ असे आजही सांगितले जाते. ठाम भूमिका घेणारा माणूस ‘पवित्रा’ घेतो, माघार घेणारा तलवार ‘म्यान’ करतो, चकवणारा ‘हूल’ देतो आणि भांडण वाढले की ते ‘हातघाईवर’ येते. ज्या विद्येने हे शब्द मराठीला दिले ती विद्या बहुतेक घरांतून केव्हाच नाहीशी झाली. शब्द मात्र जिभेवर राहिले. शस्त्राचे प्रयोजन संपल्यावर शस्त्रविद्येतले काय टिकते आणि ते कोणामुळे टिकते, याचे उत्तर दांडपट्ट्याच्या इतिहासात सापडते.

दांडपट्टा म्हणजे लांब, सरळ आणि लवचीक पात्याची तलवार. तिची मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या खोबळ्याच्या आत असते. त्यामुळे मनगट जवळजवळ बांधले जाते आणि वाराची सारी शक्ती खांदा, कंबर व पाय यांतून आणावी लागते. म्हणून पट्टेकऱ्याचे शिक्षण हातापासून नव्हे, तर पायांपासून सुरू होते. आधी पवित्रे घोटायचे, मग पाते हाती घ्यायचे. 1659 साली प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीने घराघरांत पोहोचला. मर्दानी खेळांच्या प्रात्यक्षिकांत तळहातावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने कापले जाते. लिंबाचे दोन तुकडे व्हावेत आणि तळहाताला ओरखडाही पडू नये, ही त्यातील कसोटी. वार करण्याइतकाच तो नेमक्या जागी थांबवणे हा या विद्येचा गाभा आहे.

छत्तीसगडात मराठी माणूस प्रथम आला तो शस्त्र घेऊनच. 1741 मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर यांच्या फौजा रतनपूरला पोहोचल्या. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपूर ही आपली राजधानी केली आणि 1787 मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत येथे राज्य केले. 1854 साली नागपूरचे राज्य खालसा झाले, त्याबरोबर छत्तीसगडातील भोसल्यांचा अंमलही संपला. सत्ता गेली तरी मराठी कुटुंबे राहिली. पुढे कचेऱ्या, रेल्वे, शाळा आणि कारखाने यांच्या निमित्ताने विदर्भातून आणखी कुटुंबे येत गेली. तलवारीच्या बळावर आलेली भाषा आता शिक्षक, कारकून आणि कामगार यांच्या घरांत नांदू लागली.

1878 च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. तेव्हा पात्याची जागा लाकडाने घेतली. लाठी, बोथाटी, फरी-गदका हे प्रकार आखाड्यांनी जपले. फरी म्हणजे लहान ढाल आणि गदका म्हणजे तलवारीऐवजी वापरायची काठी. दिवाळीनंतर छत्तीसगडच्या गावोगावी राऊत नाचा रंगतो, त्या नर्तकांच्या हातीही लाठी आणि ‘फरी’च असते. भनपुरीत वाढलेल्या मराठी मुलाला हा शब्द घरच्या आणि गावच्या, अशा दोन्ही परंपरांतून भेटतो.

या विद्येला ग्रंथाचा आधार मिळाला तो महाराष्ट्राबाहेर. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिराचा लौकिक प्राध्यापक माणिकराव यांनी देशभर नेला. त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी 1936 ते 1949 या काळात ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले, आणि तेही मराठीत. अमरावतीत 1914 साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे ठेवली. राजाश्रयाने वाढलेली विद्या आता व्यायामशाळा आणि छापील पान यांच्या आश्रयाला आली होती.

असाच अनुभव कोरियाचाही आहे. तेथील राजा जोंगजो याच्या आज्ञेने 1790 मध्ये तलवार, भाला आदी चोवीस युद्धप्रकारांचा ‘मूये दोबो तोंगजी’ हा सचित्र ग्रंथ तयार झाला. मूळ ग्रंथ विद्वानांच्या चिनी भाषेत होता. म्हणून त्याला कोरियन लिपीत, लोकांच्या भाषेत लिहिलेला एक भाग जोडण्यात आला. 1910 ते 1945 या जपानी राजवटीनंतर जुन्या युद्धकलांचा शोध सुरू झाला, तेव्हा हा ग्रंथ अभ्यासकांच्या उपयोगी पडला. आज कोरियन मुले लाकडी तलवारीने त्या कलेचे धडे गिरवतात. तरीही ग्रंथातील चित्र केवळ मुद्रा दाखवते. एका मुद्रेतून दुसरीत जायचे कसे, हे गुरूच्या पावलांकडे पाहूनच कळते. गुरुशिष्यांची साखळी एकदा तुटली की ती पुन्हा जोडताना किती कष्ट पडतात, हे कोरियाने अनुभवले आहे.

मग आजच्या विद्यार्थ्याला या विद्येचा लाभ कोणता? लाठी किंवा लाकडी तलवार फिरवताना दोन्ही हातांना काम मिळते, नजर स्थिर होते, पावलांना तोल येतो आणि श्वासाला लय सापडते. जोडीदाराबरोबर सराव करताना त्याला इजा होऊ न देण्याची जबाबदारी प्रत्येकावर असते. त्यातून संयम अंगी बाणतो. हा वारसा केवळ मुलग्यांचा नाही. बिठूरला नानासाहेबांबरोबर तलवार आणि घोडदौड शिकलेली मनू पुढे झाशीची राणी झाली आणि तिने स्त्रियांनाही शस्त्रशिक्षण दिले. जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली, धारेविना आणि स्पर्धेच्या ईर्ष्येविना शिकवलेली ही कला मुलामुलींना निर्भय करते आणि आक्रमकतेपासून दूर ठेवते.

2024 साली महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. मान मिळाल्याने शस्त्र संग्रहालयात सुरक्षित राहील. विद्या मात्र मैदानावरच टिकते. महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवणे हेही असेच व्रत आहे. येथे रस्त्यावर, बाजारात, कारखान्यात दुसरी भाषा असते. मराठीला घर आणि वर्ग एवढीच तालीम. ज्या पालकांनी सोयीची वाट सोडून आपली मुले या वर्गांत बसवली आणि ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी आजही ‘पवित्रा’ आणि ‘पट्टा’ हे शब्द सहज उच्चारले जातात, त्यांनी हीरक महोत्सवापर्यंत ही साखळी तुटू दिली नाही. तिची पुढची कडी आज पहिलीच्या वर्गात बसून मुळाक्षरे गिरवत आहे.