रेम्ब्रांटचे अखेरच्या वर्षातील आत्मचित्र

हॉलंडमधील लायडेन येथे इ. स. १६०६ साली एका गिरणीवाल्याच्या घरी जन्मलेल्या रेम्ब्रांटने कीर्ती व संपत्ती दोन्ही जोडल्या. परंतु १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले आणि घर व संग्रह विकला गेला. १६६८ साली तरुण पुत्र टायटसही निवर्तला. पुढच्याच वर्षी काढलेले त्याचे आत्मचित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. क्ष-किरणांनी पाहता असे आढळले की, हाती प्रथम कुंचला होता. मागाहून तो रंगाखाली झाकून त्याने हात नुसते एकमेकांत गुंफले. धंद्याची खूण बाजूस सारून केवळ माणूस रंगवावा, असे त्याला वाटले असेल काय? निवृत्तीच्या दिवशी खडू खाली ठेवल्यावर मोकळ्या हातांचे काय करावे, हे प्रस्तुत लेखकासही उमगले नव्हते. चेहऱ्यावरील सुरकुत्या मात्र त्याने झाकल्या नाहीत. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ॲमस्टरडॅम येथे तो वारला.