जॅक, घोडी आणि गाडीखालचा माणूस

आजचा भाग एका श्रोत्यांच्या प्रश्नावरून सुचला. ते विचारतात, "गाडीचं ऑइल यापुढे घरीच बदलायचं ठरवलंय. गाडीबरोबर आलेला जॅक आहे माझ्याकडे. तेवढा पुरेल ना?" उत्तर आधीच देऊन टाकतो : नाही पुरणार. पण हे 'नाही' नीट समजून घ्यायचं तर सव्वादोनशे वर्षं मागे, लंडनला जावं लागेल.

जोसेफ ब्रामा हा मूळचा यॉर्कशायरचा सुतार. लंडनमध्ये त्याचं नाव झालं ते दोन गोष्टींमुळे : एक म्हणजे सहजी न उघडणारी कुलपं, आणि दुसरं म्हणजे सुधारलेला फ्लशचा संडास. त्याने १७९५ साली एका यंत्राचं पेटंट घेतलं, ते म्हणजे हायड्रॉलिक प्रेस. तत्त्व जुनंच होतं, सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेलं. कोंडलेल्या पाण्यावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. मग बारीक नळीतला दट्ट्या थोड्या जोराने दाबायचा, आणि तेच पाणी शंभरपट क्षेत्रफळाच्या दट्ट्याखाली सोडायचं. जोरही शंभरपट मिळतो. कागदावर सगळं सोपं. प्रत्यक्षात मोठा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यामधल्या फटीतून पाणी फवाऱ्यासारखं बाहेर यायचं. फट घट्ट बुजवली तर दट्ट्याच अडकून बसायचा, खाली यायला तयार नाही.

ही गाठ सोडवली ती ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्स्ली या तरुण कारागिराने, असं मानलं जातं. त्याने चामड्याची एक कडी बसवली, वाटीसारख्या वळलेल्या कडांची. आत दाब वाढला की पाणी त्या कडा फाकवतं आणि त्या नळीला घट्ट चिकटतात. दाब गेला की सैल. गळती थांबवायचं काम त्याने खुद्द पाण्यालाच लावलं! मला विचाराल तर अख्ख्या यंत्रातली खरी करामत हीच. पुढे या मॉड्स्लीने आठवड्याला ३० शिलिंगांच्या वर पगार मागितला, मालकाने नाही म्हटलं, आणि तो बाहेर पडून स्वतः इंग्लंडमधला नामांकित यंत्रकार झाला. पगारवाढ नाकारण्याचा इतिहास लिहायला बसलो तर हे प्रकरण पहिल्या पानावर घेईन.

ती कडी मात्र लक्षात ठेवा. आज बाजारात मिळणाऱ्या हायड्रॉलिक जॅकमध्ये पाण्याऐवजी तेल असतं आणि चामड्याऐवजी रबर. बाकी मामला तोच. म्हणजे तुमची गाडी अशा जॅकवर उभी असते तेव्हा तिचा भार एका रबरी कडीवर आणि एका छोट्या व्हॉल्व्हवर तोललेला असतो. कडी चिरली किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की गाडी खाली येते. कधी हळूहळू, कधी एकदम.

असा जॅक हातात धरून नेण्याजोगा केला तो न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने. पेटंट १८५१ चं. (याच गृहस्थाने वाफेवर चालणारी रस्त्यावरची गाडीही बनवली होती. जॅक आधी आणि गाडी नंतर, असा उलटा प्रवास!) इकडे इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे टँगी बंधू हायड्रॉलिक जॅक बनवत होते, आणि त्यांचं नाव झालं ते एका फसलेल्या समारंभामुळे. ब्रुनेलचं 'ग्रेट ईस्टर्न' हे जहाज लंडनच्या मिलवॉल भागात बांधलं होतं. लांबी २११ मीटर, जगातलं तेव्हाचं सर्वांत मोठं जहाज. ते आडवंच नदीत सरकवायचं होतं. ३ नोव्हेंबर १८५७ ला हजारो लोक बघायला जमले. जहाज जरासं सरकलं, साखळीच्या रहाटाचा दांडा उलटा गरगर फिरला, त्याने माणसं फेकली गेली आणि जीवही गेला. मग जवळजवळ तीन महिने ब्रुनेलने मिळतील तेवढे हायड्रॉलिक जॅक गोळा केले आणि जहाज इंच इंच ढकललं. ३१ जानेवारी १८५८ ला ते एकदाचं तरंगलं.

आता यातली गंमत बघा. जॅकने जहाज ढकललं, पण जहाजाचा भार जॅकवर कधीच नव्हता. तो खालच्या पाळण्यावर आणि उतारावरच्या लोखंडी पट्ट्यांवर होता. वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, इजिप्तमधून आणलेला क्लिओपात्राचा दगडी स्तंभ टेम्स नदीच्या काठी उभा केला. वजन पावणेदोनशे टनांहून जास्त. तिथेही जॅक टँगींचेच. स्तंभ थोडा वर घ्यायचा, की लगेच खाली लाकडी ओंडके रचायचे. पुन्हा थोडा वर, पुन्हा ओंडके. जॅक उचलायचा आणि ओंडके धरून ठेवायचे. ही दोन कामं वेगळी आहेत हे त्या काळच्या मुकादमाला शिकवावं लागत नव्हतं. आपल्याकडेही बैलगाडीचं चाक काढून वंगण घालताना माणूस आधी टेकू शोधायचा.

हे विसरलं गेलं ते मोटारगाडी घरात आल्यावर. सुरुवातीच्या गाड्यांना पंक्चर ही रोजची गोष्ट होती, म्हणून गाडीबरोबर जॅक मिळू लागला. तो फक्त चाक बदलण्यापुरता. पण डिकीत आहे म्हटल्यावर माणूस तोच वापरणार. त्यात भर म्हणजे गाडीची रचना बदलली. जुन्या गाडीला खाली शिडीसारखी भक्कम लोखंडी चौकट असायची, टेकू बरेच ठिकाणी चालायचा. १९२२ ची लान्चिया लाम्ब्दा, १९३४ ची सित्रोएन ट्रॅक्सिऑन आव्हां, इथपासून चौकट गेली आणि पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलू लागली. आता खाली मोजक्याच जागा मजबूत, बाकी नुसता पत्रा. अमेरिकेत तर कितीतरी वर्षं बंपरला आकडा अडकवून गाडी उचलायचे जॅक होते. उंच, सडपातळ, आणि जरा हलले की कोसळणारे.

गॅरेजवाल्यांनी आधी जमिनीत खड्डे खणले. पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीची वाट बघते. १९२५ मध्ये मेम्फिसच्या पीटर लुनाटीने न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून कल्पना घेऊन गाडी उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट बनवली. आजच्या दोन खांबांच्या लिफ्टला लोखंडी खिट्ट्या असतात. चांगला मेकॅनिक गाडी वर घेतो, मग जराशी खाली सोडून त्या खिट्ट्यांवर टेकवतो, आणि मगच खाली शिरतो. क्लिओपात्राचे ओंडकेच की हे!

घरच्या माणसाकडे लिफ्ट नसते. इंग्लंडमध्ये १९६६ पासून हेन्सची दुरुस्ती-पुस्तकं निघू लागली आणि लोक रविवारी दारातच गाडी खोलू लागले. आपल्याकडे काळ्यापिवळ्या पद्मिनीखाली रस्त्याच्या कडेला आडवे झालेले टॅक्सीवाले ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आडवं होणं काही गेलं नाही.

१९८२ ची गोष्ट. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात, लॉरेन्सव्हिल गावी एक मुलगा घराच्या आवारात १९६४ च्या शेव्हरोले इम्पालाचं सस्पेन्शन खोलत होता. गाडी जॅकवरून घसरली आणि तो खाली अडकला. त्याची आई धावत आली आणि तिने दोन्ही हातांनी गाडी काही इंच उचलून धरली, शेजाऱ्यांनी पुन्हा जॅक लावून त्याला ओढून काढेपर्यंत. मुलगा वाचला. ही बातमी आजही अचाट शक्तीची म्हणून सांगतात. तिने अख्खी गाडी पेलली नव्हती हे खरं. एक बाजू उचलताना उरलेलं वजन दुसरीकडची चाकं घेतात. तरी ती थोरच. मला मात्र या गोष्टीत शक्तीपेक्षा एक दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते : कोणीतरी जवळ होतं.

कारण गाडीखाली चिरडलेला माणूस ओरडू शकत नाही. पॅरिसमध्ये १८३७ साली गर्दीत दबून मेलेल्यांचे देह ऑलिव्हिए द'आन्झे या डॉक्टरने तपासले आणि चेहऱ्यावरच्या निळ्याजांभळ्या डागांची नोंद केली. छातीवर भार पडला की फासळ्या फुलत नाहीत, श्वास आत जात नाही, रक्त डोक्याकडे उलटं चढतं. आवाज निघायला हवा लागते, आणि तीच नसते. घरातले आत टीव्ही बघत असतात आणि बाहेर काही ऐकूच येत नाही. म्हणून एकट्याने खाली शिरायचं नाही. दर पाच मिनिटांनी हाक मारणारं कोणीतरी हवं.

मग घोडी आणली की झालं? म्हणजे ते तीन-चार पायांचं लोखंडी स्टँड, आपल्याकडे काही गॅरेजमध्ये त्याला घोडी म्हणतात. बहुतेक झालं, पण पूर्ण नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या हार्बर फ्रेट या दुकानसाखळीने पिट्सबर्ग नावाने विकलेली सुमारे १७ लाख स्टँड परत मागवली. कारण, कारखान्यातले साचे झिजले होते, त्यामुळे काही नगांत दाते आणि खिट्टी यांची पकड पुरेशी खोल बसत नव्हती. भार हलला तर खिट्टी सुटू शकत होती. त्याहून वाईट म्हणजे बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडचं वेल्डिंग सदोष निघालं, आणि तीही परत मागवावी लागली. तेव्हापासून दात्यांबरोबर आडवी पिन घालायची सोय असलेली स्टँड जास्त दिसतात. घ्यायचीच तर तीच घ्या.

आता श्रोत्यांच्या प्रश्नाकडे. जमीन सपाट आणि कडक हवी, सिमेंटची. उन्हात डांबर मऊ होतं आणि स्टँडचा पाय त्यात रुततो. उचलण्याआधी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हँडब्रेकवर विसंबू नका : बहुतेक गाड्यांत तो मागच्या चाकांना असतो, आणि मागची बाजू उचलली की तो बिनकामाचा. गिअरचंही तसंच. ज्या चाकांना इंजिनाचा जोर जातो त्यांतलं एक हवेत असेल, तर डिफरेन्शियलमुळे दुसरं मोकळं फिरू शकतं. स्टँड मालकाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावा. विटा नकोत, सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर मुळीच नकोत. ते सांगून तडकत नाहीत, एकदम भुगा होतात. गाडी स्टँडवर टेकली की जॅकही जवळच हलकासा टेकवून राहू द्या. चाक काढलं असेल तर ते आडवं करून बाजूच्या पट्टीखाली सरकवा. तेवढी जाडी माणसाच्या छातीपुरती जागा ठेवते.

आणि खाली शिरण्याआधी गाडीला खांदा लावून जोरात हलवा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे.