नाव धर्माचं, गोष्ट मालकीची

जव्हारजवळचा शिरपामाळ. १६६४ च्या सुरतस्वारीला जाताना शिवाजी महाराज इथं थांबले. जव्हारचे कोळी राजे विक्रमशहा मुकणे भेटीला आले आणि त्यांनी महाराजांना मानाचा शिरपेच चढवला, असं इथली माणसं सांगतात. माळाचं नाव त्यावरून पडलं.

मागच्या सुट्टीत तिथं गेलो होतो. स्मारकापुढं एक पोरगा दुसऱ्याला सांगत होता, "धर्मासाठी लुटली सुरत." मी साच्यावर काम करणारा माणूस. इतिहास कॉलेजात शिकलो नाही, पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून मिळाला तेवढाच. पण तेवढ्यावरही हे वाक्य घशाखाली उतरेना.

सुरतेत घरं फुटली कुणाची? वीरजी व्होरा जैन. हाजी सैद बेग मुसलमान. तिजोरी दोघांचीही रिकामी झाली. कापुचिन पाद्री मात्र सुखरूप राहिले. शाहिस्तेखानानं तीन वर्षं मुलूख उजाड केला होता, त्याची भरपाई मोगलांच्या श्रीमंत बंदरातून वसूल झाली. पुढं १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी हेच जव्हार घेतलं. १७ लाखांचा खजिना हाती लागला आणि विक्रमशहा मोगली मुलखात पळाले. शिरपेच देणारा हिंदू, खजिना नेणारेही हिंदू. राज्य चालवायला पैसा लागतो, एवढीच गोष्ट. धर्म आपण मागाहून चिकटवला.

मग धर्माच्या नावानं लाठी उठते ती का? आपण महाड विसरायचं नाही.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळानं पाणवठे सगळ्यांना खुले केले. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं कागदावर खुलं केलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्याली. थोड्या वेळात गावात हूल उठली : आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार! देवळाचा बेतच नव्हता. तरी जमाव मंडपात शिरला. जेवत होते त्यांना झोडपलं, अन्न मातीत कालवलं, गावाकडं परतणाऱ्यांना वाटेत गाठलं. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला.

मग तळं शुद्ध केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही, १०८ घागरी. इथवर सगळा धर्म. पण त्याच डिसेंबरात ही मंडळी कोर्टात गेली तेव्हा दाव्यात काय म्हणाली? तळं आमच्या मालकीचं! देवाचं नाव रस्त्यावर, मालकीचं नाव कोर्टात. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं त्यांचं म्हणणं फेटाळलं.

पण लाठी धरणारा प्रत्येकजण काही सावकार नव्हता. ज्याच्या घरात उद्याची भाकर नाही, तो कशाला धावला? याचं उत्तर मला असं दिसतं : त्याच्याकडं एकच इस्टेट होती, आपल्याखाली कुणीतरी आहे ही. आपण ओंजळभर पाणी प्यालो आणि त्याची ती इस्टेट बुडाली. धर्मानं त्याला शेत दिलं नाही, पोटाला दिलं नाही. दिला तो हा खोटा सातबारा. तो वाचवायला तो जीव घ्यायलाही तयार होतो.

आता आपल्याच जिल्ह्यातलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, सुरतेकडंच निघालेले दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर गडचिंचल्यात जमावानं ठार मारले. पोरं पळवणारे, चोर फिरतात अशी अफवा होती. ते खूनच होते, त्याला माफी नाही. पण मढी उचलली नाहीत तोवर लांब बसलेल्या लोकांनी त्यात हिंदू-मुसलमान घातलं. पकडलेल्या १०१ जणांत एकही मुसलमान नाही, हे गृहमंत्र्यांना जाहीर करावं लागलं. महाडात हूल आधी आणि लाठी मागून. इथं लाठी आधी आणि धर्माची हूल मागून. धंदा तोच.

म्हणून मित्रांनो, "धर्म बुडाला" अशी आरोळी आली की लाठी शोधू नका. आधी विचारा, पाणी कुणाचं, जमीन कुणाची, तिजोरी कुणाची? आणि आपल्याखाली कुणी दिसलं की छाती फुगते का, हे स्वतःलाही विचारा. मी विचारतो. दरवेळी उत्तर बरं येतंच असं नाही.