धसका



"तिनं धसका घेतलाय," असं आपण सहज म्हणून जातो. डॉक्टरी पुस्तकात या धसक्याला पीटीएसडी हे नाव मिळालं 1980 साली, अमेरिकेत. व्हिएतनामच्या लढाईवरून परतलेल्या शिपायांचे हाल बघून. पहिल्या महायुद्धात तर अशा थरथरणाऱ्या सैनिकांना कित्येकदा भित्रे ठरवलं गेलं. म्हणजे आजाराची ओळख झाली ती पुरुषांवरून. तरी 1974 सालीच अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम या दोघींनी बलात्कार सोसलेल्या बायकांचे असेच हाल लिहून ठेवले होते. त्यातली एक नर्स होती, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. जवळपास आठ हजार माणसं गेली. वाचलेल्यांची डॉक्टरांनी तपासणी केली, ती 1996 साली छापून आली. निम्म्याहून जास्त जणांना मनाचा आजार जडला होता. बायकांमध्ये तो जास्त दिसला, आणि ज्यांचं घरदार गेलं त्यांच्यातही.

बाई मुळात नाजूक, असं कुणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. अमेरिकेतल्या 1995 च्या पाहणीत आयुष्यात कधीतरी हा त्रास झालेल्या बायका शंभरात 10, पुरुष 5 निघाले. पण बायकांच्या वाट्याला आलेले आघातही वेगळे होते, अत्याचाराचे. आणि किल्लारीत पत्र्याच्या शेडमध्ये राहून, लेकरू गमावलेल्या बाईला दुसऱ्या लेकरांसाठी चूल तर पेटवावीच लागली. रडायला सवड कुठली?

त्रास तोच, पण दिसतो वेगवेगळा. लहान मूल तेच तेच खेळतं, घर पाडायचं, माणसं पुरायची. अंथरूण ओलं करतं. पुरुष पुष्कळदा चिडतो, दारूकडे वळतो, आणि गाव म्हणतं, बिघडला. बाई म्हणते डोकं दुखतंय, अंग जड झालंय, छातीत धडधडतंय. मग गोळ्या होतात, अंगारे होतात. रात्री भांडं पडलं तरी ती दचकून उठते, हे मात्र कुणी विचारत नाही.

आपल्या गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब झाला की एवढंच विचारा, "झोप लागते का गं?" महिना उलटूनही लागत नसेल, तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.