मुक्या पडद्याला गोष्ट देणारा

मूकपटांच्या काळात अमेरिकेत मालिका-चित्रपटांची मोठी हवा होती. १९१४ चा ‘द पेरिल्स ऑफ पॉलिन’ भागाभागांनी यायचा. नायिका दर भागात नव्या संकटात. ती नटी प्रसिद्ध झाली, संकटे रचणारे लेखक मात्र विसरले गेले.

आपल्याकडे वेगळे काय घडले? बाबूराव पेंटर, व्ही. शांताराम ही नावे आमच्या वाशिमकडेही ठाऊक आहेत. नारायण हरी आपटे म्हटले, की लोक एकमेकांकडे पाहतात.

आपटे (१८८९-१९७१) मूळचे कादंबरीकार. पेंटरांचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ त्यांच्याच कथेवरचा. सावकार शेत गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. देवादिकांच्या चित्रपटांची सवय असलेल्या प्रेक्षकांना पडद्यावर आपलेच घर दिसले. तरुण शेतकरी झाले होते शांताराम.

बोलपट आला तरी आपट्यांची लेखणी थांबली नाही. प्रभातचा ‘अमृतमंथन’ (१९३४) त्यांच्या ‘भाग्यश्री’वर, तर ‘कुंकू’ (१९३७) ‘न पटणारी गोष्ट’वर आधारलेला. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लावलेले लग्न नीरा मानत नाही. शांता आपटे यांनी ती नीरा गाजवली.

मी कवी, शब्दांवर जगणारा. म्हणून वाटते, मुक्या पडद्यावर सावकाराची चोपडी उघडून दाखवणाऱ्या या लेखकाचे नाव आपल्या ओठी असावे. आमच्या भागात कपाशी-सोयाबीन पेरणाऱ्याला ‘पाश’ या शब्दाचा अर्थ आजही समजावून सांगावा लागत नाही.