बूटस्ट्रॅपमधील बटणे

बूटस्ट्रॅप या सीएसएस फ्रेमवर्कमध्ये वेबपानावरील बटणांना रूप देण्यासाठी असलेला क्लासचा संच. मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांनी ट्विटर कंपनीच्या अंतर्गत वापरासाठी घडवलेले हे फ्रेमवर्क ऑगस्ट २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. एचटीएमएलचे कोरे बटण प्रत्येक ब्राउझर आपापल्या पद्धतीने रंगवतो. बूटस्ट्रॅपमुळे ते सगळीकडे जवळपास सारखे दिसू लागले.

बटणाला सहसा दोन क्लास द्यावे लागतात. ‘बीटीएन’ हा पायाभूत क्लास अक्षरांचा आकार, कडा, गोलसर कोपरे आणि पॅडिंग ठरवतो. पाचव्या आवृत्तीत हे पॅडिंग वर-खाली ०.३७५ रेम आणि दोन्ही बाजूंना ०.७५ रेम असते. रंग येतो तो ‘बीटीएन-प्रायमरी’, ‘बीटीएन-सक्सेस’, ‘बीटीएन-डेंजर’ अशा दुसऱ्या क्लासमधून. नावे रंगावरून न ठेवता कामावरून ठेवली, ही या रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. प्रायमरीचा निळा आवृत्तीगणिक बदलला, तरी पानातले नाव तेच राहिले. सगळीच नावे मात्र टिकली नाहीत: ‘बीटीएन-डीफॉल्ट’ चौथ्या आवृत्तीत (२०१८) गेले, ‘बीटीएन-ब्लॉक’ पाचव्या आवृत्तीत (२०२१). जुन्या साइटची आवृत्ती बदलताना बटणे विस्कटतात ती बहुधा अशा नावांमुळे.

पाचव्या आवृत्तीत प्रायमरीवर पांढरी आणि पिवळ्या वॉर्निंगवर काळी अक्षरे येतात. पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट साधणारा अक्षररंग सॅसमधले एक फंक्शन निवडते.

बटणाचा रंग बदलायचा तर नवशिके फक्त ‘बॅकग्राउंड’ बदलतात आणि माउस वर नेताच जुना निळा परत येतो, कारण हॉवरचा रंग वेगळा नोंदवलेला असतो. ५.२ आवृत्तीपासून (२०२२) प्रत्येक अवस्थेसाठी सीएसएस व्हेरिएबल आहे. ती सगळी एकत्र बदलावीत.

हेच क्लास लिंकलाही लागतात, आणि खरी गफलत तिथे होते. दिसायला दोन्ही सारखी. पण बटण स्पेसबारने दाबता येते, लिंक फक्त एंटरने उघडते. लिंकला ‘डिसेबल्ड’ हा क्लास दिला की माउसची क्लिक थांबते, टॅबने तिथे पोचून एंटर दाबणारा मात्र आत जातो. अशा लिंकमधून ‘एचरेफ’ काढावा आणि स्क्रीन रीडरसाठी ‘एरिया-डिसेबल्ड’ लिहावे.

टेलविंड (२०१७) या फ्रेमवर्कची तऱ्हा उलट. त्यात तयार बटण नाहीच. पॅडिंग, रंग, कोपरे यांचे सुटे क्लास एकत्र लिहून ते बनवायचे. चौथ्या आवृत्तीपासून बटणावर हाताचा कर्सरही आपोआप येत नाही.

फ्रेमवर्क कोणतेही असो, क्लास फक्त रूप बदलतो: फॉर्ममधल्या बटणाला ‘टाइप’ दिला नसेल, तर ब्राउझर ते सबमिटचे बटण समजतो.