छातीवरच्या बॅजची नोंद

१९४८ च्या कारखाने कायद्याला शेवटी एक परिशिष्ट होते. कामामुळे कामगाराला जडणारे आणि सरकारला कळवणे बंधनकारक असलेले आजार त्यात मांडले होते. शिसे, पारा आणि फॉस्फरसची विषबाधा, अँथ्रॅक्स, सिलिकोसिस, आणि त्यांच्याच रांगेत रेडियम, इतर किरणोत्सारी पदार्थ व क्ष-किरण यांमुळे होणारे विकार. ट्रॉम्बेची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली ती १९५६ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे देशात पहिली अणुभट्टी पेटण्याच्या आठ वर्षे आधीच किरणांचा धोका कायद्याच्या पुस्तकात नोंदला गेला होता. मात्र त्याचे रूप आजाराचे होते: कामगार आधी आजारी पडणार, मग डॉक्टर कळवणार. शिशाच्या बाबतीत हे चालून जाते, कारण शिसे रक्तात सापडते. सिलिकोसिसची खूण फुप्फुसाच्या फिल्मवर दिसते. किरणांमुळे झालेला कर्करोग उमटायला मात्र दहा-वीस वर्षे लागू शकतात, आणि तो कशामुळे झाला हे त्याच्याकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. माणसाने कामावर असताना किती मात्रा घेतली याची नोंद नसेल, तर परिशिष्टातली ती ओळ असून नसल्यासारखीच. किरण-सुरक्षेच्या आपल्या कायद्याचा इतिहास म्हणजे त्या यादीपासून या नोंदीपर्यंतची चाल होय, आणि ती फार सावकाश झाली.

सावकाश का झाली, हे जुन्या ठाणे जिल्ह्याच्या नकाशावरून कळते. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत या एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला तारापूर होते, १९६९ पासून वीज देणारे देशातले पहिले अणुवीज केंद्र. दुसऱ्या टोकाला होता शस्त्रास्त्र निर्माणी आणि रसायनांच्या एमआयडीसीचा अंबरनाथ-बदलापूर पट्टा. १९६२ चा अणुऊर्जा कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पहिले टोक होते. केंद्राच्या ताब्यातल्या अणुऊर्जा कारखान्यांत कारखाने कायद्याची अंमलबजावणीही केंद्रानेच करावी, अशी सोय त्या कायद्याने केली. दुसऱ्या टोकाला किरणोत्सर्ग येतो तो चोरपावलांनी. बॉयलरचा किंवा दाबाच्या टाकीचा वेल्डिंगचा सांधा तपासायला कंत्राटदार ‘कॅमेरा’ घेऊन येतो. त्यात इरिडियम-१९२ चा वाटाण्याहून लहान सोर्स असतो, ७४ दिवसांत निम्म्यावर येणारा. आजूबाजूला माणसे कमी म्हणून हे काम बहुतेकदा रात्री, भोवती दोरी बांधून होते. टाकीतल्या द्रवाची पातळी मोजायला सीझियमचा गेज बसवतात. आणि बदलापूरच्या मांजर्लीसारख्या वस्तीत किरणोत्सर्गाचे कामाचे ठिकाण म्हणजे तळमजल्यावरची क्ष-किरणांची खोली. या ठिकाणांना कोणी अणुऊर्जा म्हणत नाही. कायदा मात्र म्हणतो.

१९७१ च्या किरण-संरक्षण नियमांनी पहिल्यांदा आजाराऐवजी माणसाकडे बोट दाखवले. प्रत्येक ठिकाणी एक किरण-सुरक्षा अधिकारी हवा, ज्याला लोक आज आरएसओ म्हणतात. पुढे १९७५ मध्ये फोटोफिल्मच्या जुन्या बॅजऐवजी टीएलडी बॅज आले. त्यांत कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. त्या तापवल्या की साठलेली मात्रा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि मोजता येते. नोव्हेंबर १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले, आणि २००४ च्या नियमांनी १९७१ चे नियम बाजूला सारून सुरक्षेचे नियोजन सविस्तर बांधून दिले. परवान्याशिवाय सोर्स नाही, अठरा वर्षांखालचा कामगार नाही. आणीबाणीचा आराखडा तयार हवा, आणि प्रत्येकाच्या मात्रेची नोंद ठेवायलाच हवी. मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या पुढे नाही. माझ्या मते यातली सर्वांत मोलाची कलमे भिंतीची किंवा मर्यादेची नाहीत, नोंदीची आहेत. भाभा केंद्रातल्या राष्ट्रीय नोंदवहीत बॅजधारकाला एक कायमचा क्रमांक मिळतो, आणि त्याने ठेकेदार बदलला तरी आयुष्यभराची मात्रा त्याच क्रमांकाखाली जमत राहते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: छोट्या दवाखान्याला एवढा जाच कशाला, एका फोटोत जातेच किती? रुग्णापुरते हे खरे आहे. पण रुग्ण एकदा येतो, तंत्रज्ञ मात्र रोज येतो. म्हणूनच मंडळाच्या संहितेने किरण जिथे थेट आदळतात ती भिंत ३५ सेंटिमीटर विटांची, आणि नुसते विखुरलेले किरण पडतात ती २३ सेंटिमीटरची सांगितली. गवंड्यालाही समजेल अशी ही तरतूद आहे. आणि छोटे म्हणजे निरुपद्रवी, हा समज २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत मोडला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने १९६८ साली घेतलेला कोबाल्टचा गामा सेल भंगारात विकला गेला, आणि भंगारवाल्यांच्या हातात फुटला. एकाचा जीव गेला. अणुवीज केंद्राशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रयोगशाळेतला सुरक्षेचा आराखडा उपकरण वापरात असेपर्यंत जागा होता, निवृत्तीनंतर झोपला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हा विषय जाणणारे थोडे, तेव्हा सत्ता मुंबईत एकाच ठिकाणी असणेच शहाणपणाचे, असे म्हणतात. ज्ञानाच्या बाबतीत मला हे मान्य आहे, पाहणीच्या बाबतीत नाही. अंबरनाथच्या खासगी कारखान्यात यंत्राचे गार्ड पाहायला राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक येतो. सोर्स मात्र त्याच्या कक्षेत नाही, आणि ज्याच्या कक्षेत तो आहे ते मंडळ अणुशक्तीनगरात. याचे फळ कॅगने २०१२ च्या अहवालात आकड्यांत मांडले: देशातल्या ५७,४४३ क्ष-किरण केंद्रांपैकी मंडळाकडे नोंदलेली फक्त ५,२७०. राज्यांनी आपली किरण-सुरक्षा संचालनालये उभारावीत असे ठरून दशक उलटले होते, तरी तोवर ती केरळ आणि मिझोरम या दोनच राज्यांत उभी होती. महाराष्ट्रात, मंडळाच्या घरच्याच राज्यात, नव्हते. आणि नियम मोडल्याचा तेव्हाचा दंड? १९६२ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त पाचशे रुपये.

‘कागद वाढवून सुरक्षा येत नाही’ हे वाक्य कारखान्यांत नेहमी ऐकू येते, आणि अर्धे खरेही आहे. खुंटीवर टांगून ठेवलेला बॅज शून्य मात्रा दाखवतो, माणूस काहीही घेवो. पण इथे नोंद हा सुरक्षेवर चढवलेला कागद नव्हे. जे डोळ्यांना दिसत नाही आणि अंगाला जाणवत नाही, त्याचा दुसरा साक्षीदारच नसतो. कंत्राटी रेडिओग्राफरला वीस वर्षांनी भरपाई मागायची झाली, तर त्याच्या हातात फक्त तोच आकडा असेल. २०२५ च्या नोव्हेंबरात कारखाने कायद्याची जागा कामगार संहितेने घेतली, आणि डिसेंबरात संसदेने अणुऊर्जेचा नवा कायदा संमत करून नियामक मंडळाला कायद्याचा आधार दिला. आजारांची जुनी यादी नव्या संहितेतही किरणांसकट कायम आहे. मांजर्लीतल्या वाचकाने एवढे करावे: पुढच्या वेळी एक्स-रे काढायला गेल्यावर भिंतीवर मंडळाचा परवाना लावला आहे का ते पाहावे, आणि बटण दाबणाऱ्याच्या छातीवर बॅज दिसला नाही तर तो कुठे आहे, हे त्याला नव्हे, मालकाला विचारावे.